वडिलांच्या डोळ्यातील ‘जाड कोरॉइड’ आणि नव्या रक्तवाहिन्या : परभणीच्या एका प्रश्नाला उत्तर

परभणीहून एका मुलाने आपल्या वडिलांविषयी विचारले आहे. वडील ५७ वर्षांचे असून मोंढ्यातील एका अडत दुकानात हिशेबनीस आहेत. नऊ वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यापुढे मधोमध करडा डाग आला. ‘पडद्याखाली पाणी झाले आहे, ताण घेऊ नका’ असे तेव्हा सांगण्यात आले आणि तीन महिन्यांत डाग आपोआप गेला. दोन वर्षांपूर्वी तेच पुन्हा घडले, थेंब आणि गोळ्या झाल्या, नजर बरीचशी परत आली. या भाद्रपदात मात्र खतावणी लिहिताना रकान्याची उभी रेघ मधेच वाकलेली दिसू लागली. नव्या डॉक्टरांनी ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचा छेद दाखवणारा स्कॅन) आणि ओसीटी अँजिओग्राफी (त्याच पद्धतीने रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करून ‘पॅकीकोरॉइड निओव्हॅस्क्युलोपथी’ असे निदान लिहिले, कोरॉइडची, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराची, जाडी ४१० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नोंदवली आणि महिन्याला एक याप्रमाणे तीन इंजेक्शने सुचवली. पहिले इंजेक्शन झाले आहे. आता मुलाचे प्रश्न असे : आधीच्या डॉक्टरांचे निदान चुकले का, थर जाड असणे वाईट कसे, तीन इंजेक्शनांत हे संपेल का, हैदराबादला न्यावे का, दुसऱ्या डोळ्याचे काय, आणि सोयाबीनची आवक ओसरेपर्यंत दुसरे इंजेक्शन लांबवले तर चालेल का.

मी लातूरला २२ वर्षे केवळ पडद्याच्या आजारांचेच काम करते. तरीही आधी सांगितले पाहिजे की आपल्या वडिलांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, आणि या आजारात बरेच काही त्या स्कॅनवरच ठरते. त्यामुळे मी येथे निदान करत नाही; असा रुग्ण समोर बसला की मी कोणत्या क्रमाने विचार करते, तेवढे सांगते.

आपल्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : आज पडद्याखाली जे पाणी आहे, ते कोठून येते आहे? जुन्या दुखण्यासारखे ते जाड झालेल्या थरातून नुसतेच झिरपते आहे, की तेथे नवी, कच्ची रक्तवाहिनी फुटली असून ती गळते आहे? दोन्ही प्रकारांत पाणी स्कॅनवर सारखेच काळे दिसते आणि रुग्णाची तक्रारही जवळपास सारखीच असते; उपचार मात्र वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात इंजेक्शने सहसा फारशी उपयोगी पडत नाहीत, आणि दुसऱ्या प्रकारात इंजेक्शनाशिवाय वाट पाहत बसणे महागात पडू शकते.

ज्याला आपण पडदा म्हणतो त्या दृष्टिपटलाच्या मागे रंगद्रव्य पेशींचा एक पातळ थर असतो आणि त्याच्याही मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर, म्हणजे कोरॉइड. आपल्याकडच्या ठिबकची मांडणी डोळ्यापुढे आणा. सर्वांत खोल बाजूला जाड वाहिन्या म्हणजे मेन लाइन, मधल्या वाहिन्या म्हणजे सबमेन, आणि पडद्याला लागून केशवाहिन्यांची दाट जाळी म्हणजे लॅटरल आणि ड्रिपर. पडद्याच्या बाहेरच्या भागाला, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाश टिपणाऱ्या पेशींना, प्राणवायू आणि पोषण या जाळीतून मिळते. काही माणसांत खोलातल्या मोठ्या वाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर येऊ लागतो आणि वरची केशवाहिन्यांची जाळी त्यांच्या दाबाखाली दबून विरळ होते. म्हणजे एकाच जागी पाणी साचते आणि त्याच जागी वरचे पीक तहानलेलेही राहते. अशा ठिकाणी काही वर्षांनी रंगद्रव्य पेशींच्या थराखाली नव्या वाहिन्यांचे जाळे तयार होऊ शकते. यालाच आपल्या कागदावर लिहिलेले लांबलचक नाव आहे. ‘पॅकी’ म्हणजे ग्रीक भाषेत जाड, आणि पुढच्या शब्दाचा अर्थ नव्या वाहिन्यांचा आजार.

आता ४१० हा आकडा. पीतबिंदूखाली, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेल्या बारीक नजरेच्या भागाखाली, कोरॉइडची जाडी साधारणपणे २५० ते ३०० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणून ४१० वाचून घाबरायला होते. पण ही जाडी वयानुसार कमी होते आणि मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात पुष्कळच कमी असते. एकाच माणसात ती सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी भरते, आणि हा फरक वीस-तीस मायक्रॉनचाही असू शकतो. माझ्याकडे ४५० मायक्रॉन जाडीचे, ठणठणीत नजरेचे लोक चष्म्याचा नंबर काढायला येतात आणि तसेच परत जातात. उलट ३०० मायक्रॉनच्या डोळ्यातही मोठ्या वाहिन्या फुगलेल्या आणि वरची जाळी दबलेली असू शकते. म्हणून एका रिपोर्टवरचा आकडा दुसऱ्या रिपोर्टवरच्या आकड्याशी ताडून ‘वाढले की कमी झाले’ असा हिशेब घरी करू नका. कोरॉइड जाड असणे ही ठेवण आहे. तिच्यातून आजार उद्भवू शकतो, पण उद्भवतोच असे नाही.

आधीच्या डॉक्टरांच्या निदानाविषयी : आपण सांगितलेल्या हकिकतीवरून ते चुकले असे मला वाटत नाही. त्या वेळचे दुखणे म्हणजे सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी, थोडक्यात ‘सिरस’. तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत ती विशेष आढळते आणि पहिल्या खेपेस पुष्कळदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. वारंवार होणाऱ्या या दुखण्याचे वर्णन अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या जर्मन नेत्रवैद्याने १८६६ मध्येच केले होते. त्याने ते उपदंशाचा परिणाम मानले, हा भाग वेगळा. कोरॉइड स्पष्ट दाखवणारी ओसीटीची पद्धत २००८ मध्ये आली, ‘पॅकीकोरॉइड’ हा शब्द वैद्यकीय लेखनात २०१३ मध्ये रुळू लागला आणि आपल्या वडिलांच्या निदानाचे नाव २०१५ चे आहे. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी हे नाव जेमतेम जन्मले होते, आणि बहुधा नवी वाहिनीही तेव्हा तेथे नव्हती. जुने निदान आणि नवे निदान एकमेकांना खोडत नाहीत. ती एकाच वाटेवरची दोन गावे आहेत.

पहिल्या गावाहून दुसऱ्या गावाला रुग्ण केव्हा पोहोचला, हे ओळखण्यात मात्र आम्ही चुकतो, आणि मीही चुकले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पन्नाशीचा एक एसटी चालक येत असे. जुने, रेंगाळलेले सिरस, पडद्याखाली थोडेसे पाणी, आणि रंगद्रव्याचा थर एका जागी किंचित उचललेला. प्रत्येक भेटीत मी तोच स्कॅन पाहून ‘आहे तसेच आहे’ लिहीत गेले. उचललेल्या भागाखाली काय आहे, हे पाहायला मी सात महिने लावले. तोवर एके दिवशी सकाळी डोळ्यापुढे काळा पडदा घेऊन तो आला. त्या जाळ्यातून रक्तस्राव झाला होता. उपचारांनी नजर काही प्रमाणात परतली, पण गाडी चालवण्याचे काम त्याला सोडावे लागले. तेव्हापासून पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक जुन्या सिरसमध्ये नवी वाहिनी असल्याचा संशय मी आधी धरते आणि तो तपासाने फेडते.

तपास कसा करायचा, हे आपल्यालाही ठाऊक असलेले बरे. साध्या ओसीटीच्या आडव्या छेदात रंगद्रव्य पेशींचा थर बसका, उंचसखल असा उचललेला दिसतो आणि त्याच्या खाली दुसरी बारीक रेघ दिसते. आम्ही याला दुहेरी थराची खूण म्हणतो. ती दिसली की मनात घंटा वाजायला हवी. मग ओसीटी अँजिओग्राफीत, कोणतीही सुई न टोचता, त्या फटीत वाहते रक्त असलेले जाळे आहे का ते पाहता येते. आपल्या वडिलांची ही तपासणी झालेली आहे, ही चांगली गोष्ट आहे. तिची मर्यादा अशी की, या जाळ्याच्या टोकांना कधीकधी लहान फुग्यांसारखे फुगवटे असतात आणि त्यांत रक्त फार संथ फिरत असल्याने ते या तपासणीत निसटू शकतात. त्यांना पॉलिप म्हणतात, आणि ते असतील तर आजाराला पॉलिपॉइडल कोरॉइडल व्हॅस्क्युलोपथी म्हणतात. आशियाई लोकांत हा प्रकार पाश्चात्त्यांपेक्षा बराच जास्त आढळतो, म्हणून आपण तो गृहीत धरून शोधलेला बरा. पॉलिप खात्रीने दाखवणारी तपासणी म्हणजे आयसीजी अँजिओग्राफी. तिच्यात हिरवा रंग हाताच्या शिरेतून देतात. त्यात आयोडीन असते, म्हणून आयोडीनची ॲलर्जी किंवा यकृताचा मोठा आजार असेल तर आधी सांगावे. स्कॅनवर रंगद्रव्याचा थर एखाद्या ठिकाणी अंगठ्याच्या टोकासारखा उभा उचललेला असेल, रक्त दिसत असेल किंवा दोन-तीन इंजेक्शनांनंतरही पाणी हलत नसेल, तर मी ही तपासणी करूनच घेते. यातले काहीच नसेल तर पहिल्याच दिवशी ती अनिवार्य आहे असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट पुष्कळांना विचित्र वाटते. जाळे आहे, पण पाणी नाही आणि रक्त नाही, असेही डोळे असतात. अशा डोळ्याला मी इंजेक्शन देत नाही, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने स्कॅन करते. दबलेल्या केशवाहिन्यांच्या जागी शरीराने केलेली ती तात्पुरती सोय असू शकते, असे मानायला जागा आहे. वाहिनी गळू लागली की मात्र थांबायचे नाही. रेघ वाकडी दिसते आहे आणि स्कॅनवर पाणी आहे, म्हणजे वडिलांची वाहिनी आज गळते आहे, असे आपल्या डॉक्टरांनी मानलेले दिसते. त्या स्थितीत इंजेक्शनांचा सल्ला योग्य आहे.

ही इंजेक्शने व्हीईजीएफ या वाहिनी वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवतात. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही त्यांतली नेहमीची नावे. पहिले मुळात कर्करोगाचे औषध असून एका मोठ्या बाटलीतून लहान मात्रा वेगळ्या करून डोळ्यासाठी वापरले जाते, म्हणून स्वस्त पडते. ते कोठे आणि किती निर्जंतुकपणे भरले जाते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. रॅनिबिझुमॅबची भारतात तयार झालेली समरूप आवृत्ती २०१५ पासून मिळते आणि तिने खर्च पुष्कळ आटोक्यात आणला आहे. परवडण्यासारखे आणि वेळेवर मिळणारे औषध हे मधेच बंद पडणाऱ्या महागड्या औषधापेक्षा चांगले, असे माझे मत आहे.

सुई डोळ्यात जाणार म्हटले की पुष्कळजण घाबरून पुढची तारीख चुकवतात. वडिलांचे एक झाले आहे, त्यामुळे त्यांना अनुभव आहेच, इतरांसाठी सांगते. बधिर करणारे थेंब टाकून मग पोव्हिडोन आयोडीन घालतात, नंतरची चुरचुर मुख्यतः त्याचीच असते. पापण्यांत लहानसा तारेचा चिमटा घालून रुग्णाला एका बाजूला पाहायला सांगतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, केसासारख्या बारीक सुईने ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, औषध आत सोडतात. एवढ्याला काही सेकंद लागतात. नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर तो भिंतीवरच्या खरचट्यासारखा आहे, आठ-पंधरा दिवसांत जातो. परंतु पुढच्या आठवडाभरात दुखणे वाढले, लाली पसरली किंवा नजर धूसर होत गेली, तर फोन करून उद्याची वेळ घेऊ नका, त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, दवाखाना गाठा. आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. वडिलांना गेल्या काही महिन्यांत पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर तेही सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या या इंजेक्शनासाठी आपल्या मनाने बंद करू नका.

तीन इंजेक्शनांत संपेल का? पहिली तीन ही बहुधा पेरणीची असतात. त्यांनंतर स्कॅन कोरडा असेल तर आम्ही पुढचे अंतर दोन-दोन किंवा चार-चार आठवड्यांनी वाढवत नेतो आणि पाणी परत दिसले की अंतर पुन्हा कमी करतो. कोणाला वर्षभरात चार-पाच लागतात, कोणाला आठ, आणि कोणाला पुढे बराच काळ एकही लागत नाही. हे आधी सांगता येत नाही. आणखी एक अनुभव सांगते. काही डोळ्यांत नवी वाहिनी शांत झाल्यावरही पडद्याखाली थोडे पाणी चिकटून राहते, कारण ते वाहिनीचे नसून जाड कोरॉइडचे झिरपणे असते. तेथे इंजेक्शनावर इंजेक्शन मारत राहणे मला पटत नाही. अशा वेळी व्हर्टेपोर्फिन हे औषध शिरेतून देऊन ठरावीक लहरलांबीच्या थंड लेझरने त्या जागेवर काम करणारी फोटोडायनॅमिक उपचारपद्धती, बहुधा अर्ध्या मात्रेत, उपयोगी पडते. पॉलिप असतील तर तिचे महत्त्व आणखी वाढते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्हरेस्ट दोन या आशियाई रुग्णांवरील चाचणीत इंजेक्शनासोबत हा उपचार दिलेल्या गटात वर्षभरात नजर तपासण्याच्या तक्त्यावर सरासरी ८.३ अक्षरांची सुधारणा झाली, तर केवळ इंजेक्शनाच्या गटात ५.१ अक्षरांची, पॉलिप पूर्ण मिटण्याचे प्रमाण ६९ आणि ३५ टक्के होते. दुसरीकडे, केवळ अफ्लिबरसेप्ट घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना या लेझरची गरज भासली नाही, असेही नंतरच्या एका चाचणीत दिसले. म्हणून हा उपचार सर्वांना सरसकट लागत नाही. त्यातच व्हर्टेपोर्फिनचा अलीकडच्या काळात जगभर तुटवडा जाणवला आहे. तो उपचार झालाच तर पुढचे काही दिवस थेट ऊन अंगावर येता कामा नये, पूर्ण मात्रा असेल तर ५ दिवस. एप्रिल-मे महिन्यात परभणीचा माणूस दुपारच्या एसटीने खिडकीशी बसून परत आला, तर त्वचा भाजू शकते. घरातला साधा उजेड मात्र चालतो, अंधारात बसण्याची गरज नाही.

आता जी गोष्ट आपल्या प्रश्नात नाही, पण मी सर्वांत आधी विचारली असती : वडील कोणत्याही रूपात स्टेरॉइड घेतात का? हा प्रश्न ‘स्टेरॉइड’ या शब्दात विचारला तर उत्तर नेहमी ‘नाही’ असे येते. म्हणून मी असे विचारते : गुडघ्यात किंवा कंबरेत सुई घेतली का, दम्याचा पंप आहे का, नाकातला फवारा आहे का, गजकर्णाला दुकानातून आणलेली क्रीम लावता का, आणि संधिवाताची बिनलेबलची पुडी कोणी देते का? बीड जिल्ह्यातील एका निवृत्त गुरुजींना तीन वेळा पाणी झाले, आणि तिन्ही वेळा पंधरा-वीस दिवस आधी त्यांनी गावातल्या एका माणसाकडून गुडघेदुखीची पुडी आणलेली होती. पुडी बंद झाल्यावर त्यांचा डोळा दीड वर्ष शांत आहे. स्टेरॉइड कोणत्याही मार्गाने शरीरात गेले तरी या प्रकारचे पाणी ओढवू किंवा वाढवू शकते. दमा किंवा दुसऱ्या गंभीर आजारासाठी ते चालू असेल तर एकाएकी बंद करू नका, मूळ डॉक्टरांशी बोलून पर्याय शोधा. वडिलांना मधुमेह असेल आणि पुढे कधी कोणी ‘पाण्यासाठी’ डोळ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले, तर हा जुना इतिहास त्यांच्यासमोर ठेवा. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांचाही या दुखण्याशी संबंध आढळला आहे, तेही तपासून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वीच्या गोळ्या एप्लेरेनोनच्या असतील, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जुन्या सिरससाठी त्या रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. ल्युटिनच्या गोळ्या वेगळ्या आजारासाठी, म्हणजे वार्धक्यातील पीतबिंदूच्या झिजेच्या ठरावीक टप्प्यासाठी तपासलेल्या आहेत. येथे त्यांवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही. तेच पैसे स्कॅनसाठी ठेवा.

हैदराबादला न्यावे का? परभणीहून तिकडे रेल्वेने जाणे अवघड नाही आणि तेथे मोठ्या नेत्रसंस्था आहेत, हे खरे. पण इंजेक्शने आणि साधे स्कॅन मराठवाड्यात होतात, आणि या आजारात वर्षभर दर महिन्या-दोन महिन्याला जाणे जमले पाहिजे. लांबच्या ठिकाणी एकदा थाटात जाऊन आलेला आणि मग सहा महिने कोठेच न गेलेला रुग्ण मी नेहमी पाहते. म्हणून नेमके एखादे काम असेल, म्हणजे आयसीजी किंवा फोटोडायनॅमिक उपचार, तर जाऊन या. बाकीचे जवळ ठेवा. जाताना पहिल्या खेपेपासूनचे सर्व स्कॅन न्या. छापील कागदावर एकच छेद असतो, म्हणून सगळी मालिका पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पैशांचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या उपचारासाठी काय बसते, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आधीच विचारून ठेवा.

दुसरा डोळा : कोरॉइडची ठेवण बहुधा दोन्ही डोळ्यांत सारखी असते, म्हणून प्रत्येक भेटीत त्याचाही स्कॅन व्हावा. घरी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. वाचण्याचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, हातभर अंतरावरून महिन्याच्या चौकटीच्या मधल्या तारखेकडे पाहायचे. भोवतालच्या रेघा सरळ आहेत का, एखादा चौकोन पुसट झाला आहे का, हे आठवड्यातून दोनदा पाहायचे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकतो, आणि पुष्कळांचे महिने त्यातच वाया जातात.

शेवटी सोयाबीन. दुसऱ्या इंजेक्शनाची तारीख पाच-सात दिवसांनी सरकली तर मला चिंता वाटणार नाही. आवक मात्र दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीनंतरही चालते, म्हणजे दीड-दोन महिने. तेवढे थांबू नका, कारण सुरुवातीच्या याच काळात वाहिनीला दबवायचे असते. मोंढ्याला सुट्टी असेल त्याच्या आदल्या दिवशीची तारीख मागून घ्या. नंतरचे तीन दिवस वडिलांनी डोक्यावरून पाणी घेऊ नये आणि जेथे पोती रिकामी होतात, चाळणी चालते, त्या धुळीत उभे राहू नये. चौथ्या दिवशी त्यांनी गादीवर बसून खतावणी लिहायला हरकत नाही.